खालचा पाइप

शाळेचे बाक डोंगरापलीकडे पोचवायचे, एवढंच काम होतं. नवऱ्याला एकट्याला धाडायला तिचं मन होईना, आणि तान्ह्या लेकीला सांभाळायला घरी दुसरं कुणी नाही, म्हणून लेकीला घेऊन तीही ट्रकमध्ये बसली. नवरा तिला काळजीबाई म्हणायचा. तिचा एक हात सारखा लेकीच्या कपाळावर आणि डोळा इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्यावर.

"अगं, तू बघितल्याने काटा खाली येणारे का?"

"वर तरी जाणार नाही!"

पण या चढाला काटा वर जायचाच. मिस्त्रीने पंख्याचा पट्टा बदलला, रेडिएटर धुतला, काही उपयोग नाही. ट्रक जुना, एका विधवेकडून घेतलेला. तिचा नवरा याच चढावर गेला, एवढंच तिने सांगितलं होतं. घरातलं होतं नव्हतं ते या ट्रकमध्ये घातलेलं. इंजिन तापून जाम झालं असतं तर सगळंच बुडालं असतं.

भर दुपारी धुकं उतरलं आणि काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफ निघाली. नवऱ्याने ट्रक कडेला घेतला, उतरून बॉनेट उघडलं. मग सगळं गप्प. तापलेलं लोखंड तेवढं टिक... टिक... करत होतं. वाफेला गोडसर वास होता, आणि त्याखाली आणखी एक, काहीतरी शिजल्यासारखा.

"दादा, पाणी कमी झालंय..."

धुक्यात एक माणूस उभा होता. हातात पाण्याचा डबा. तोंडावर ओलं फडकं गुंडाळलेलं.

"रेडिएटरचं झाकण उघडा. फडकं धरून हळूच फिरवा... मी ओततो."

नवऱ्याने मुकाट्याने खिशातलं फडकं काढलं. एरवी कुणी काही सांगितलं की दोन शब्द सुनावणारा हा, आणि आता झोपेत चालल्यासारखा झाकणाकडे निघाला! ती लेकीला कडेवर घेऊन खाली उतरली.

"अहो, थांबा! उकळतं पाणी तोंडावर उडेल! आणि रेडिएटरच्या बाटलीत पाणी आहे की काठोकाठ. कमी कुठं झालंय?"

"उघडा..." तो माणूस म्हणाला. तो एक पाऊल जवळ आला, पण खडीवर आवाज झाला नाही.

तिने लेकीला घट्ट धरलं. पण काळजी लागली की ती आधी हात लावून बघते, तशीच तिला सवय. इंजिनाजवळ हात नेला, भट्टी! रेडिएटरच्या खालच्या पाइपला बोट लावलं, गार. मूठभर धरला तरी गार. लेकीला जोराचा ताप चढतो तेव्हा असंच असतं, डोकं भाजतं आणि तळपाय थंडगार.

"अहो, पाणी फिरतच नाहीये! वरचं वर अडकलंय!"

नवरा दचकून जागा झाला. पाइप चाचपला. "थर्मोस्टॅट! पाणी सोडणारी झडपच उघडत नाहीये. आणि आम्ही पट्टे बदलत बसलो!"

फडकेवाला हलला नाही.

"म्हणजे... पाणी कमी नव्हतंच?" त्याचा आवाज बारीक झाला. "मी तर कमी आहे समजून... उघडलं..."

नवऱ्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. ती एक पाऊल पुढे झाली.

"नव्हतं हो, भाऊ. तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

डबा खाली पडल्याचा आवाज झाला. खाली डबा नव्हता, माणूसही नव्हता.

इंजिन पुरतं निवेपर्यंत दोघांनी झाकणाला हात लावला नाही. मग नवऱ्याने थर्मोस्टॅट काढून फेकला, पाइप जोडला, पाणी भरलं. चढ संपला तरी काटा मध्यावरून हलला नाही. नवरा स्टिअरिंगवर थाप मारत ओरडला, "वा रे माझी मिस्त्रीण!" लेक खिदळली. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

त्या चढावर आता कुणी भाजत नाही. ट्रक तापला की धुक्यातून कुणीतरी येतो, म्हणे, आणि झाकणावरचा हात धरतो. "आधी खालचा पाइप बघा..."

चहाच्या टपरीवर ड्रायव्हर हे हौसेने सांगतात. ती विचारते, "तोंडावर फडकं होतं का हो?"

"नव्हतं," म्हणतात, "उघडा चेहरा, सगळा शिजलेला..." आणि हातातला चहा तसाच खाली ठेवतात.