अप्पांकडचे पाहुणे

स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि बाहेरच्या खोलीतली शांतता मोडली. शाल्मलीने उठून गॅस बारीक केला. तिच्या लेकीला, जुईला, कांजिण्या आल्या होत्या, तिला सोडून प्रयोगशाळेत जाणं शक्य नव्हतं. म्हणून मर्यादा परिषदेचे विश्वस्त आज निवडणुकीबाबत यंत्राचं मत ऐकायला तिच्याच घरी जमले होते.

टेबलावर ते यंत्र होतं, अप्पांची विचारप्रतिमा. परिषदेचे संस्थापक असलेले अप्पा गेले तेव्हा त्यांची भाषणं, पत्रं, गप्पा शिकवून शाल्मलीने बनवलेली. नुकतंच त्या यंत्राने अप्पांच्या घोगऱ्या आवाजात उत्तर दिलं होतं, "रणधीरला पाठिंबा द्या. वाळवी लागली की औषध मारावंच लागतं."

"झालं! अप्पाच बोलले," यमुताई म्हणाल्या. "भालचंद्र, आता तुमचं 'मान्य' तेवढं राहिलंय."

"रणधीर आपल्याच गावातल्या माणसांना वाळवी म्हणतो, ताई," शाल्मलीचे बाबा म्हणाले. "अप्पा विरोधकालाही 'राव' लावल्याशिवाय हाक मारत नसत."

"आणि हरत होतो! आपल्या शाळा बंद पडल्या, उत्सव बंद पडले. तुमचा 'राव' आला वाचवायला?" यमुताई उसळल्या.

शाल्मलीला राहवेना. "बाबा, 'वाळवी' हा शब्द अप्पांचा नाही. यंत्र जुनाट होऊ नये म्हणून सभासद घरोघर त्याच्याशी जे बोलतात, त्यातून ते शिकत राहतं. माणूससुद्धा ते बोलण्यावरूनच ओळखतं. आता त्यात अप्पा किती आणि आपण किती, मलाही सांगता येणार नाही."

"पहिली प्रत आहे?" बाबांनी विचारलं.

"आहे. तिला नंतर काहीच शिकवलेलं नाही."

"लाव," यमुताईच म्हणाल्या. "मलाही ऐकू दे."

शाल्मलीने ती लावली. बाबा पुढे सरकले. घसा खाकरून म्हणाले, "अप्पा, मी भालचंद्र. या वाळवीचा बंदोबस्त करायला रणधीरला उभं करावं का?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"बसा ना," तोच आवाज, पण मऊ. "समोरच्या पक्षाचे लोक आमच्याकडे फारसे येत नाहीत. चहा घेऊन जा. आमच्यातही एक भालचंद्र आहे. भेटा त्याला, आवडेल तुम्हाला."

यमुताई चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "निवडणूक आपल्याला लढवायची आहे. अप्पांना कुठे लढवायचीय?"

बाबांनी मान खाली घातली. शाल्मलीने त्यांच्या हातावर हात ठेवला; त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"मान्य," ते म्हणाले. इतकं हळू, की यमुताईंनी पुन्हा म्हणायला लावलं.

शाल्मली आत गेली. जुई जागीच होती, दंडावरचे फोड खाजवत. शाल्मलीने तिचे हात आपल्या ओंजळीत धरले.

"आई, अप्पांनी आजोबांना ओळखलंच नाही?"

"झोप बाळा."

"मी आजोबांएवढी मोठी झाले, की तू ओळखशील मला?"