चार वाजताचा हिरवा दिवा

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. मी घरोघरी इंटरनेट जोडणारा माणूस, गोष्टी रचायला मला फुरसत नाही. हे गेल्या वर्षी एका मंगळवारी माझ्याच हातून घडलं. तेही दिवसाढवळ्या.

तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा एकटेच राहायचे. त्यांचा जुना मोडेम बदलायचा होता.

"नको रे बदलू. चालतोय की."

मी मास्तरकी सुरू केली. "आजोबा, बाहेरच्या वायरीतून नुसता उजेड येतो. हा डबा त्याचं नेट करतो. हा दिवा लाईनचा, हा वायफायचा. आणि हा फोनचा. कोणी रिसीव्हर उचलला की लुकलुकतो."

"माहीत आहे. ही आत अंथरुणाला खिळलेली. हाक मारायचीही ताकद नव्हती. चारला रिसीव्हर उचलायची. दिवा लुकलुकला की मी चहा न्यायचो."

"आजी कुठे आहेत?"

"गेली. दोन वर्षं झाली."

मी आत डोकावलो. रिकामी खाट. फोन तर नव्हताच...

वळून पाहिलं. हिरवा दिवा लुकलुकत होता.

घड्याळात चार.

"आलो गं," म्हणत आजोबा चहा टाकायला गेले.

तिथून पळावंसं वाटलं. पण काम टाकून गेलो तर साहेब डोकं खाणार. आजोबा स्वयंपाकघरात असतानाच नवा डबा बसवला नि सटकलो.

जुना डबा गोदामात जमा करायचा असतो. पण माझ्या घरचा बंद पडला होता, म्हणून मी तोच लावला. आमच्यातले सगळेच करतात. फोनचा दिवा बिघडला असेल, नेटला काय धाड भरली होती?

बुधवारी चारला...

दिवा लुकलुकला.

"अहो, हा फोनचा दिवा ना? आपल्याकडे फोन कुठाय?" बायकोने विचारलं.

गुरुवारी तेच. शुक्रवारीही.

शनिवारी डबा पिशवीत घालून आजोबांकडे पळालो.

दाराला कुलूप.

"काल गेले हो," शेजारच्या काकू म्हणाल्या. "तीन दिवस त्या नव्या डब्यासमोरच बसून होते. 'ती बोलवत का नाही?' एवढंच विचारायचे."

हे पाप माझंच.

डबा परत आणला. टेबलावर नुसता ठेवला. वायर नाही, प्लग नाही.

चार वाजले... दिवा लुकलुकला.

"आजी," मी कसंबसं म्हणालो, "ते इथे नाहीत हो."

दिवा थांबला.

मग पुन्हा सुरू झाला.

आता रोज लुकलुकतो. डबा गोदामात द्यायचा धीर होत नाही. तिथे चार वाजता तिच्याकडे बघणार कोण?