अप्पांची तहान

चंद्रावरच्या आमच्या वस्तीत प्रत्येकाला रोज तीन लिटर पाणी मिळतं. लघवी यंत्रात जाते आणि शुद्ध होऊन तिचं पुन्हा पाणी होतं. ई करू नका, सवय होते!

त्या दिवशी मात्र यंत्राने अजबच दाखवलं. माझ्या आजोबांनी, म्हणजे अप्पांनी, घेतलं होतं तीन लिटर पाणी आणि परत आली होती पाच लिटर लघवी.

"बघ केतकी, वस्तीचा फायदाच करून देतोय मी," अप्पा हसले. पण त्यांचे ओठ सुकले होते आणि ते भिंतीला धरून उभे होते. मला काही हसू आलं नाही.

"तहान लागलीय ना तुम्हाला? मग मागत का नाही?"

"माणदेशात टँकरच्या रांगेत वाढलोय गं मी. दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी तोंडाला लावणार नाही."

मी चिडून कमंडलूला, आमच्या आरोग्य-रोबोला, बोलावलं. त्याने थेंबभर रक्त तपासलं.

"रक्तातले क्षार वाढलेत, म्हणजे शरीर सुकतंय. तरी लघवी पाण्यासारखी फिकी! अप्पा, डोक्याला काही लागलं होतं?"

"परवा दगड गोळा करताना गाडी उलटली तेव्हा, थोडंसं," अप्पा पुटपुटले. हेही लपवलं होतं त्यांनी!

कमंडलूने आधी त्यांना पाणी पाजलं आणि मग मला समजावलं. "मूत्रपिंडं दिवसाला सुमारे एकशे ऐंशी लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातलं बहुतेक पाणी रक्तात परत घेतात. शेवटी किती राखायचं, ते मेंदू ठरवतो. रक्तातले क्षार वाढले की मेंदूखालची वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी एक संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं रसायन) सोडते. निरोप एवढाच, की पाणी राखा. मग मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या पाणी परत घेतात. लघवी थोडी आणि गडद होते. भरपूर पाणी प्यायलं की निरोप कमी होतो."

"म्हणजे अप्पांची मूत्रपिंडं धडधाकट आहेत, पण त्यांना निरोपच मिळत नाही?"

"बरोबर. डोक्याला मार लागून ग्रंथीपाशी सूज आलीय. अशा वेळी कमी पाणी पिऊन लघवी थांबत नाही. जीवावर मात्र बेततं."

कमंडलूने त्या संप्रेरकासारखंच औषध अप्पांच्या नाकात फवारलं. काही तासांनी यंत्राने दाखवलं, लघवी अगदी थोडी आणि पिवळी.

"सूज उतरली की ग्रंथी बहुधा पुन्हा कामाला लागेल," कमंडलू म्हणाला. "मग जा खुशाल दगड गोळा करायला. तोवर तहान लागेल तेव्हा प्यायचं, आणि लाजायचं नाही."

अप्पांनी रिकामा पेला माझ्यापुढे केला.

"केतके," ते हळूच म्हणाले, "जरा पाणी देतेस?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं होतं. पेला भरताना मला रडूच आलं.