भाडेकायद्याचं पुस्तक कुणी नेलं?

“पुस्तक गायब, आणि उद्या माझी तारीख!” शिंपीणकाकू हेरबाईंच्या दारातूनच म्हणाल्या.

घरमालकाने दुकान खाली करण्यासाठी त्यांच्यावर दावा लावला होता. वकील परवडेना, म्हणून काकू वाचनालयात बसून भाडेकायदा स्वतःच वाचत होत्या. आज कपाटात ते जाडजूड पुस्तकच नव्हतं.

खासगी गुप्तहेर असलेल्या हेरबाई काकूंना घेऊन तडक वाचनालयात निघाल्या. मागून धापा टाकत त्यांचे भाऊजी.

“कायद्याची पुस्तकं बाहेर जातच नाहीत,” ग्रंथपाल म्हणाला. “दारात प्रत्येक पुस्तकाच्या कव्हरवर नजर टाकतो मी. परवापासून एकच गेलंय, पाककृतींचं. घरमालकाच्या बायकोनं नेलंय.”

भाऊजी तोवर स्वयंपाकाच्या कपाटातलं एक बिनकव्हरचं पुस्तक काढून केकच्या चित्रांत रमले होते.

तिथून तिघे घरमालकाच्या घरी गेले. तो पाय प्लास्टरमध्ये घालून पलंगावर पडला होता.

“मी चोर? मला उठता तरी येतंय का? आणि सबळ कारणाशिवाय भाडेकरूला उठवता येत नाही, एवढं मलाही ठाऊक आहे!”

“गेल्या आठवड्यात तर ‘माझी मर्जी हाच कायदा’ म्हणत होतात,” काकू म्हणाल्या.

तो गडबडला. “ते जाऊ द्या. ही परवापासून स्वयंपाकाचं पुस्तक वाचतेय, पण ताटात काही फरक नाही!”

“मला बाई कायद्यातलं काय कळतं?” मालकीणबाई आतूनच घाईघाईने म्हणाल्या.

“कायद्याचं नाव तुमच्यापाशी काढलंच कुणी?” भाऊजी भोळेपणाने म्हणाले.

हेरबाई हसल्या. “भाऊजी, तुमच्या केकच्या पुस्तकाचं कव्हर कुठे गेलं? भाडेकायद्यावर चढलं! म्हणून ग्रंथपाल फसला. म्हणून स्वयंपाक बदलला नाही. बदलली ती मालकांची भाषा. वहिनी, आणा बघू बाहेर.”

मालकीणबाई पुस्तक घेऊन आल्या. “काकूंना उठवू नका, असं नुसतं सांगितलं की हे ‘बायकोची बडबड’ म्हणतात. म्हणून कलमांसकट सांगायला लागले. प्लास्टर घालून पळणार कुठे? पण काकू, तुम्हीही हेच वाचताय हे माहीत असतं, तर दोघी मिळून वाचलं असतं!”

“तरीच! मला वाटलं, हिने चोरून वकिलीची परीक्षा दिली!” घरमालक खो खो हसला. “काकू, उद्या दावा मागे घेतो. घरातच हरलोय, आता कोर्टात कशाला जाऊ?”

काकूंनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. “तरी ते पुस्तक द्या. माझ्या हक्काचं कलम मला स्वतः वाचायचंय.”

पलंगाशेजारी बसून, ओळीवर बोट ठेवून त्या मोठ्याने वाचू लागल्या. एका अवघड शब्दापाशी अडल्या.

तो घरमालकानेच समजावून सांगितला.