सात तारखेचा ठोकळा

रजेच्या अर्जावर बाळंतपणाची तारीख लिहायची होती, म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत बाबांच्या जुन्या संगणकासमोर बसली. काँक्रीट तपासायच्या त्या प्रयोगशाळेत बाबांनी तीस वर्षं काढली. ओतलेले ठोकळे हौदातल्या पाण्यात ठेवायचे आणि बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली फोडायचे, हे त्यांचं काम. सिमेंट ओलं असतानाच वरच्या बाजूला ते खिळ्याने ओतल्याची तारीख कोरत, सातला लांबलचक शेपूट सोडून. साचा सुटला की तळाला लाल रंगाने फोडायची तारीख लिहीत.

दिवस मोजण्यात घोळ नको म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. काळ्या पडद्यावर तारीख टाइप करायची, पुढे दिवस, एंटर मारलं की खाली उत्तर. ना चित्र, ना बटण. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, त्यांच्या खुर्चीवर ती आली, तरी मोजणी त्यावरच चाले.

तिने शेवटच्या पाळीची तारीख, सतरा जानेवारी, लिहिली, अधिक दोनशे ऐंशी दिवस. डॉक्टरीणबाईंनी चोवीस ऑक्टोबर सांगितली होती. पडद्यावर आली सात ऑक्टोबर.

पुन्हा लिहिलं. पुन्हा सातच. सकाळच्या ठोकळ्यांची तारीख टाकून पाहिली, तर उत्तर बिनचूक. प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ वाचली. कुठे काही वावगं नव्हतं. भर दुपारी खोली गार पडली होती. ओल्या सिमेंटचा वास एकदम दाटून आला, बाबांच्या सदऱ्याला यायचा अगदी तसा. तिच्या अंगावर काटा आला, आणि बाबांची इतकी आठवण आली की रडूच फुटलं.

नवरा दूर पुलाच्या कामावर होता. त्याची रजा पंधरापासून. फोनवर तो हसला.

"सासरेबुवा गेले, पण सासरेपणा काही सुटला नाही."

"हस तू... पण सहाला घरी ये."

"अगं, डॉक्टरीणबाई चोवीस म्हणतात ना?"

"त्यांचं बरोबरच असेल. पण बाबा कधी चुकले नाहीत रे..."

कुरकुरत का होईना, तो सहाला संध्याकाळी आला. सातला दुपारी तिला अचानक कळा सुरू झाल्या. लिफ्ट नेमकी बंद. तीन मजले त्याने तिला उचलून खाली आणलं. अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींचंही काही खरं नव्हतं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. मुलगी झाली, आणि आवाज असा की सगळा मजला जागा झाला.

रजा संपवून ती कामावर आली, त्या सकाळी हौद उपसला. तळाशी एक ठोकळा जास्त निघाला. वहीत त्याची नोंद नव्हती. वरच्या बाजूला खिळ्याने कोरलं होतं, सात ऑक्टोबर, साल लेकीच्या जन्माचंच. सातचं शेपूट लांबलचक.

तिने त्यावरून मायेने हात फिरवला. पालथा करून तळाची तारीख पाहायची मात्र हिंमत झाली नाही.

"बाबा... खूप लांबची लिहिली असेल ना?"

हौद भरल्यावर तिने तो दोन्ही हातांनी अलगद पाण्यात परत सोडला. हात बाहेर काढले, तर बोटं लाल झाली होती. तळाचा रंग अजून ओला होता.