चिखलात बसलेली कुर्ली

“बॅटरी शंभर टक्के,” असं सांगून कुर्लीनं दोन पावलं टाकली आणि ती चिखलात मटकन बसली.

कुर्ली म्हणजे खाडीचा तळ मोजणारा सहा पायांचा यंत्रमानव. २०५८ सालच्या त्या अमावास्येला, संध्याकाळच्या ओहोटीत, सुरूवाडीच्या खाडीत तिला तिसरी बॅटरी लावून झाली होती. तिन्ही बॅटऱ्यांवरचे चारही दिवे हिरवेगार, तरी तिन्हींची तीच गत.

बारा वर्षांच्या केतकीचा पाय एका जागी ठरत नव्हता. पाणी परतायला जेमतेम चाळीस मिनिटं होती. भातशेती वाचवणाऱ्या नव्या बांधाचा पाया किती खोल घ्यायचा, हे आजच्या मापांवर ठरणार होतं. पाणी पुन्हा इतकं खाली जायचं ते पंधरा दिवसांनी, आणि बांधाचं काम तर परवाच सुरू व्हायचं होतं.

“आत्या, चौथी आहे का?”

“नाही. आणि असती तरी लावली नसती,” यशोदाआत्या म्हणाली. सर्वेक्षणात तिची वीस वर्षं गेली होती. “आधी दोष शोधू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर फरक कशानं पडला ते कळत नाही.”

बॅटरीची टोकं पुसली. कुर्ली बसली. वायर बदलली. तरी बसली. केतकी सारखी समुद्राकडे वळून बघत होती.

आत्यानं मल्टिमीटर (विजेचा दाब मोजायचं उपकरण) लावला. आकडा आला १६.४ व्होल्ट.

“भरलेलीच आहे की,” केतकी म्हणाली.

“काम करत नसताना. आता चालायला सांग.”

कुर्ली उठली, तसा आकडा घसरत ११.८ वर आला. ती बसली, आणि आकडा पुन्हा वर चढला. केतकी बघतच राहिली.

“समज, घरची पाण्याची टाकी भरलेली आहे, पण पाइपात क्षार साचलेत,” आत्या म्हणाली. “नळ बारीक सोडला तर?”

“पाणी येईल.”

“आणि पूर्ण सोडला तर?”

“जोर नाही राहणार.”

“बॅटरीच्या आतही असंच होतं. त्याला अंतर्गत रोध (बॅटरीच्या आतच विजेच्या वाटेत येणारा अडथळा) म्हणतात. बॅटरी म्हातारी होते तसा तो वाढतो. मग जास्त वीज ओढली की दाब कोसळतो. दिवे टाकी किती भरलीय तेवढंच सांगतात, पाइपाचं नाही.” आत्यानं बॅटऱ्यांकडे पाहिलं. “पण या तर गेल्याच वर्षी आणल्यात. इतक्यात म्हाताऱ्या कशा झाल्या?”

केतकीला ते कळलं होतं.

“मी उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत ठेवल्या होत्या. पूर्ण चार्ज करून. लागतील तेव्हा तयार असाव्यात म्हणून.”

आत्या म्हणाली, “उष्णता आणि पूर्ण चार्ज, दोन्ही एकत्र. त्यानंच झालं. खूप दिवस ठेवायच्या असतील तर अर्ध्या भरून गार जागी ठेवतात. हे मी तुला सांगायला हवं होतं.”

त्यानं केतकीला बरं वाटलं नाही. दगडांच्या मधून पाणी चमकू लागलं होतं. बारीक नळ, बारीक नळ, तिच्या डोक्यात घोळत होतं.

“आत्या, कुर्लीला सगळ्यात जास्त वीज कशाला लागते?”

“पायांना.”

“आणि मोजायला?”

“अगदी थोडी.”

“मग पाय बंद करू. आपणच तिला उचलून नेऊ.”

आत्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

कुर्ली चौदा किलोंची. एका बाजूनं आत्या, दुसऱ्या बाजूनं केतकी. मापाच्या जागी रोवलेल्या प्रत्येक खुंटीपाशी ठेवायची, मोजायचं, उचलायची. आकडा १५.८ वर टिकून राहिला. हात भरून आले, चिखल पाय सोडेना. एकतिसाव्या, शेवटच्या खुंटीपाशी पाणी केतकीच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. तिथलं माप नोंदलं गेलं, तेव्हा कुठे तिनं मोठा श्वास घेतला.

काठावर बसून पायांचा चिखल खरवडताना ती म्हणाली, “बॅटरी आतून कशी आहे, हे तिनंच आपल्याला आधी सांगायला हवं.”

“बरेच जण त्यावर काम करतायत. अजून कुणाला नीट जमलेलं नाही.”

“ते शिकायला किती वर्षं लागतात?” केतकीनं विचारलं.