रिकाम्या बाकावरचा वाचक

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण माझ्या मावशीला खोटं बोलता येत नाही. ती शाळेत ग्रंथपाल आहे. आणि रात्र वगैरे काही नव्हती... मंगळवारची लख्ख दुपार, सातवीचा ग्रंथालयातला शेवटचा तास.

शाळेचा नियम असा, की पुस्तक वाचलं की सारांश लिहायचा. बोध लिहायचा. त्याला गुण. मुलं पुस्तकाला हात लावायची ती कडू औषधाच्या बाटलीला लावावा तशी.

मावशीनं साऱ्या सारांशवह्या कपाटात कोंबल्या.

"वाचा. नाही आवडलं तर मिटा. मी काही विचारणार नाही."

मुख्याध्यापकांचा निरोप आला, "बाई, लाड पुरे. आज बघायला येतो. पोरं वाचताना दिसली नाहीत, तर हा तास गणिताला."

आणि पोरं? कुणी खिडकीबाहेर, कुणी जांभया देतंय. एक वेणीवाली म्हणाली, "बाई, विचारणारच नाही, तर वाचायचं कशाला?"

मावशीनं दाराकडे पाहिलं.

तेवढ्यात... सर्र.

पान उलटलं. मागच्या बाकावर.

तो बाक रिकामा होता.

अख्खा वर्ग मागे वळला.

पुन्हा... सर्र. आणि मग दाबलेलं हसू. एकटंच वाचत बसलेलं माणूस मध्येच स्वतःशी हसतं ना, तसं.

"एवढं काय असतं यात?" वेणीवाली पुटपुटली, आणि तिनं समोरचं पुस्तक उघडलं. मग शेजारणीनं. मग सगळ्यांनीच.

मुख्याध्यापक आले, तेव्हा अडतीस माना पुस्तकांत बुडाल्या होत्या.

ते थेट मागे गेले. रिकाम्या बाकाशी वाकून म्हणाले, "छान. काय बोध घेतलास, बाळ?"

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

पुस्तक मिटल्याचा आवाज... आणि कुणीतरी मुसमुसलं.

ते मुसमुसणं ऐकलं, आणि मावशीची भीती कुठल्या कुठे गेली.

"सर, माझ्या तासाला कुणी काही विचारत नाही. तुम्ही बाहेर व्हा."

ते चिडून वळले. पुन्हा बाकाकडे पाहिलं... तिथं आता कुणीच नव्हतं, आणि ते पांढरेफटक पडले. तडक निघून गेले. गणिताचं नाव पुन्हा काढलं नाही.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला. मावशी कुलूप लावणार, तोच आत... सर्र.

तिनं कुलूप खाली घेतलं. आणि दाराला तोंड लावून म्हणाली, "वाच, बाळ. सावकाश वाच."

तेव्हापासून त्या खोलीला कुलूप नाही.

"चोरी होईल, बाई," शिपाईमामा कुरकुरतात.

"होऊ दे की. पुस्तकंच नेतील ना?"

असं ती ठणकावून सांगते खरी. पण त्या बाकाकडे पाठ करून बसायची छाती मात्र तिला अजून झालेली नाही...